सांगली : २५ लाखांचं सीसी लिमिट घेतलं तर वर्षाला खरं किती पडतं?

पेवाची_हळद (रविवार, रात्री)

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा हळद आणि बेदाण्याचा छोटा व्यापार आहे. यार्डात सौद्याला माल घ्यायचा, निवडायचा, पॅक करायचा आणि कोल्हापूर, पुणे, गोव्याकडच्या दुकानदारांना द्यायचा. वर्षाची उलाढाल सव्वा कोटीच्या घरात. आजवर सगळं घरच्या पैशावर आणि अडत्याच्या उधारीवर चाललं. आता बँकेनं २५ लाखांचं कॅश क्रेडिट (सीसी, म्हणजे हद्दीत राहून लागेल तसे पैसे काढायचं-भरायचं कर्जखातं) मंजूर केलंय, दर साडेदहा टक्के.

मॅनेजर म्हणतात, वापराल तेवढ्यावरच व्याज, नाही वापरलं तर काही नाही. पण मंजुरीपत्रात प्रोसेसिंग फी अर्धा टक्का, दर तिमाहीला गोडाऊन तपासणीचे दीड हजार, मालाचा विमा आमच्या खर्चानं (सहा हजारांच्या आसपास) आणि सरासरी वापर ६० टक्क्यांखाली गेला तर न वापरलेल्या रकमेवर ०.२५ टक्के कमिटमेंट चार्ज, असं बरंच काही आहे. फीवर जीएसटी वेगळा.

आमचा पैसा फेब्रुवारी ते मे जास्त अडकतो, सरासरी २२ लाख लागतील. जून ते सप्टेंबर १० लाख, त्यानंतर जानेवारीपर्यंत ३ लाखांवर भागतं. वडिलांची १२ लाखांची एफडी आहे, तिच्यावर ओडी (ओव्हरड्राफ्ट, ठेव तारण ठेवून उचल) काढावा असं धाकटा भाऊ म्हणतो. अडत्याचं म्हणणं, रोखीनं दिलं तर दीड टक्का सूट, नाहीतर एक महिन्याची उधारी आहेच. यात स्वस्त काय आणि सीसीचा सगळा मिळून खर्च किती, हे कुणी नीट मांडून दाखवेल का?

निवृत्त_शाखाधिकारी (सोमवार, सकाळी)

मॅनेजरसाहेबांचं व्याजाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. सीसी काय किंवा ओडी काय, दिवस संपताना खात्यावर जी बाकी असते तिच्यावर त्या दिवसाचं व्याज निघतं आणि महिनाअखेरीला ते खात्याला नावे पडतं. सकाळी पाच लाख उचलले, संध्याकाळच्या आत चार लाख जमा झाले, तर त्या दिवसापुरतं व्याज एका लाखावरच. पण व्याज हा खर्चाचा एक भाग झाला. बाकीचे खर्च लिमिटवर बसतात, वापरावर नाही, आणि गिऱ्हाईक फसतं ते तिथं.

तुमचेच आकडे घेऊन मांडतो. २२ लाखांवर चार महिन्यांचं साडेदहा टक्क्यांनी व्याज ७७,०००. १० लाखांवर चार महिन्यांचं ३५,०००. ३ लाखांवर चार महिन्यांचं १०,५००. झाले १,२२,५००. आता वरचे खर्च. प्रोसेसिंग १२,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,७५०. तपासणीचे चार वेळचे सहा हजार, जीएसटीसह ७,०८०. विमा ६,०००. कमिटमेंट चार्ज जून ते सप्टेंबर १५ लाख रिकामे राहतात त्यावर १,२५० आणि पुढचे चार महिने २२ लाख रिकामे त्यावर १,८३३, जीएसटी धरून दोन्ही मिळून ३,६३८. वरखर्चाची बेरीज ३१,४६८.

म्हणजे वर्षाला एकूण १,५३,९६८ रुपये. तुमचा वर्षभराचा सरासरी वापर ११ लाख ६७ हजारांचा. भागा. १३.२ टक्के. पत्रावर साडेदहा आहे, तुम्हाला सव्वातेरा पडतंय.

हा आकडा बँक आपण होऊन देणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानं १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' सक्तीचं झालं. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहून द्यावा लागतो. व्यापाऱ्याचं सीसी हे मुदत कर्ज नव्हे. त्यामुळे ही भागाकाराची पाटी ज्याची त्यानंच मांडायची.

आकडेमोड (सोमवार, दुपारी)

काकांच्या हिशेबाला एक जोड. हळद पावडर आणि बेदाणा विकताना तुम्ही जीएसटी आकारता, नोंदणी नियमित आहे, असं धरते. मग प्रोसेसिंग, तपासणी आणि कमिटमेंटवर बँकेनं लावलेला जीएसटी तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे तुम्ही भरायच्या करातून वजा होऊन, मिळतो. तो ३,८८५ होतो. तो वजा केला तर १२.९ टक्क्यांच्या जवळपास येतं. फक्त बँकेकडे तुमचा जीएसटी नंबर नोंदवून घ्या आणि तो कर दर महिन्याला जीएसटी पोर्टलवरच्या २बी तक्त्यात दिसतोय का बघा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त व्यापाऱ्यांच्या बँकेत नंबरच दिलेला नसतो आणि हक्काचं क्रेडिट वाया जातं. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांची ठोक कराची योजना) असाल तर मात्र हे लागू नाही.

रोखीच्या सुटीचंही बघू. साडेअठ्ठ्याण्णव रुपये आज देऊन शंभराचं देणं मिटतं, आणि तसं केलं नाही तर एक महिना मिळतो. म्हणजे त्या एका महिन्याची किंमत दीड टक्क्यापेक्षा थोडी जास्त, वर्षाच्या हिशेबानं १८.३ टक्के. अडत्याची उधारी फुकटची वाटते, ती या सगळ्यात महाग आहे. हंगामात ६० लाखांची खरेदी रोखीनं केली तर सूट ९०,००० मिळेल. तेवढेच पैसे महिनाभर आधी सीसीतून दिल्याचं व्याज ५१,७०० च्या आसपास. ३८ हजार तुमच्या खिशात. वरखर्चाची रक्कम एवढ्यातच भरून निघते.

तासगाव_बेदाणा (सोमवार, संध्याकाळी)

ताई, हिशेब चोख आहे, पण २५ लाख मंजूर झाले म्हणून २५ लाख उचलता येतील असं कुणी सांगितलं? दादा, तुमची ड्रॉईंग पॉवर, म्हणजे मालावर मिळणारी उचल, किती निघते ते आधी बघा. आमच्याकडं लिमिट मोठं होतं आणि ऐन हंगामात चेक परत गेला, कारण स्टॉक स्टेटमेंटप्रमाणं (बँकेला द्यायचा मालाचा तक्ता) उचल बसत नव्हती. बेदाणा शीतगृहात पडलेला, पण त्याचे पैसे शेतकऱ्याला द्यायचे राहिले होते. बँक म्हणते, जो माल तुम्ही उधारीवर आणलाय तो तुमचा नाही.

पेवाची_हळद

हे मला ठाऊकच नव्हतं. काका, उचल कशी काढतात? आणि उचलीच्या वर गेलो तर दंड किती?

निवृत्त_शाखाधिकारी (सोमवार, रात्री)

तासगावकरांनी मुद्द्याचं सांगितलं. लिमिट ही वरची हद्द. प्रत्यक्षात दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून जी रक्कम निघते तेवढीच उचल. समजा गोडाऊनमध्ये २० लाखांचा माल आहे आणि अडत्यांचं ६ लाखांचं देणं बाकी आहे. पैसे दिलेला माल १४ लाखांचा. त्यावर २५ टक्के दुरावा (मार्जिन, बँक धरत नाही तो भाग), उरले साडेदहा लाख. दुकानदारांकडून येणं ८ लाख, त्यातलं ९० दिवसांच्या आतलंच धरतात, त्यावर ४० टक्के दुरावा धरला तर ४ लाख ८० हजार. उचल झाली १५ लाख ३० हजार. लिमिट २५ असलं तरी त्या महिन्यात तुमच्या हाताला पंधराच लाख लागणार, आणि प्रोसेसिंग फी मात्र तुम्ही २५ लाखांवर भरलेली असणार. दुराव्याची टक्केवारी बँकेगणिक बदलते, तुमच्या पत्रात असेल ती धरा.

हळदीत आणखी एक धोका आहे. मालाची किंमत खरेदीभाव किंवा बाजारभाव यातली कमी असेल ती धरतात. २०२३ च्या मे ते ऑगस्टमध्ये हळदीचा भाव दुपटीच्या वर गेलेला आपण सगळ्यांनी बघितला. चढ्या भावात भरलेला माल उतरत्या भावात मोजला की पोती तेवढीच आणि उचल कमी. बाकी तशीच राहते आणि खातं एका रात्रीत उचलीच्या वर जातं.

दंडाचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ ला दंडव्याज बंद केलं. आता 'पीनल चार्जेस' लावता येतात, पण ते व्याजदरात मिसळता येत नाहीत आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून आहे आणि नागरी सहकारी बँकांनाही लागू आहे. मंजुरीपत्रात अजून 'दोन टक्के जादा व्याज' असं जुनं वाक्य असेल तर ते बदलून मागा. अशा दंडावर जीएसटी नाही, हेही जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट झालंय.

पण दंडाच्या रुपयांपेक्षा दिवस मोजा. सलग ९० दिवस बाकी लिमिटच्या किंवा उचलीच्या वर राहिली, किंवा तीन महिन्यांत खात्यावर व्याजापुरतीही जमा झाली नाही, की खातं थकीत वर्गात जातं. स्टॉक स्टेटमेंट तीन महिन्यांहून जुनं झालं तरी खातं अनियमित धरतात. धंदा उत्तम चाललाय, पण कागद वेळेवर गेला नाही म्हणून खातं बिघडलं, अशी उदाहरणं मी शाखेत खूप पाहिली. पुढं दुसऱ्या कुठल्याही बँकेत कर्ज मागताना ते आडवं येतं.

सांगलवाडी_घाट (मंगळवार, सकाळी)

विम्यावर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. सहा हजारांची पॉलिसी बँक काढते ती कशाची असते ते वाचा. २०१९ च्या ऑगस्टला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. २०२१ च्या जुलैत परत तेच. आपल्या गावात पूर धरलेला नसलेली पॉलिसी म्हणजे कागद. वादळ-पूर-जलमय होणं हे कव्हर त्यात आहे का, हे शब्द वाचून घ्या.

दुसरं, पॉलिसीवर गोडाऊनचा पत्ता छापलेला असतो. पाणी चढायला लागलं की आपण माल उचलून विश्रामबागला नाहीतर कुपवाडला नेतो, मग तो माल पॉलिसीतल्या पत्त्यावर नसतो. बेदाणा शीतगृहात ठेवत असाल तर त्याचाही पत्ता आत घालून घ्या. विम्याची रक्कम हंगामातल्या मालाएवढी हवी. ऑक्टोबरच्या मालाएवढी काढली आणि एप्रिलला काही झालं तर दावा त्याच प्रमाणात कापला जातो.

कुपवाड_टर्निंग (मंगळवार, दुपारी)

माझा छोटा टर्निंगचा कारखाना आहे, सीसी बरीच वर्षं वापरतोय. माझं मत जरा वेगळं. हंगामी धंद्याला सीसी चांगलं, पण बाकी कधीच खाली येत नसेल तर तो भाग मुदत कर्जात टाकून घ्या. दादांचे ३ लाख बारा महिने अडकलेलेच दिसतात. ते तीन लाख हप्त्यानं फेडून टाका. नाहीतर ती रक्कम खात्यावर कायमची बसते आणि आपण जन्मभर व्याज भरत राहतो. दर वर्षी नूतनीकरण, दर वर्षी फी.

तासगाव_बेदाणा

हे मला पटत नाही. हप्ता नफ्यातून जातो. जूनमध्ये हातात पैसा नसताना हप्त्याला पैसे काढायचे म्हणजे पुन्हा सीसीतूनच काढणार. एका खिशातून दुसऱ्यात, आणि वर मुदत कर्जाची वेगळी प्रोसेसिंग फी.

कुपवाड_टर्निंग

तीन लाखांचा पाच वर्षांचा हप्ता साडेसहा हजारांच्या आत बसतो. सव्वा कोटीच्या धंद्याला तो जड नाही. मी केलंय म्हणून सांगतोय. खात्यावर वर्षातून एकदा तरी बाकी शून्याला आली की मॅनेजरचा बोलण्याचा सूरच बदलतो. नूतनीकरणाला फी कमी करून मिळाली ती त्यामुळंच.

निवृत्त_शाखाधिकारी

दोघांचंही आपापल्या जागी खरं आहे. तीन लाखांसाठी मी वेगळं कर्ज काढायला लावणार नाही. पण हीच तळाची बाकी दहा लाखांवर गेली आणि तिथंच चिकटली, तर कुपवाडकर सांगतात तेच करावं. शाखेत आम्ही खात्याची वर्षातली सर्वांत कमी बाकी बघायचो. ती दरवर्षी चढत गेली तर धंद्यातला पैसा कुठंतरी दुसरीकडं मुरतोय हे कळायचं. बऱ्याचदा तो घरबांधणीत नाहीतर लग्नकार्यात गेलेला असतो.

वारणाकाठ (मंगळवार, रात्री)

मी शेतकरी माणूस, व्यापाऱ्याच्या धाग्यात बोलतोय. पण ही माहिती आमच्यातल्यांना पण उपयोगी. बाजार समितीत शेतमाल तारण योजना आहे, पणन मंडळाची. हळद ठेवली तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांसाठी सहा टक्क्यांनी कर्ज मिळतं. ते शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला नाही. पीक कर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर राज्याची सवलत धरून बिनव्याजी पडतं. म्हणून म्हणतो, दादांच्या घरी शेती असेल तर घरची हळद व्यापाराच्या स्टॉकमध्ये दाखवू नका, तारण योजनेत ठेवा. साडेदहाच्या जागी सहा.

पेवाची_हळद

अण्णा, हे एकदम कामाचं बोललात. हरिपूरला चुलत्यांची हळद असते, त्यांना सांगतो. आता एफडीवरच्या ओडीबद्दल कुणी सांगेल का? वडील तयार आहेत.

माईची_लेक (बुधवार, सकाळी)

दादा, वडील तयार आहेत हे वाचून लिहावंसं वाटलं. एफडीवरचा ओडी स्वस्तच असतो, ठेवीच्या दरावर एक, कुठं दोन टक्के. ठेवीला पावणेसात मिळत असतील तर पावणेआठ ते पावणेनऊ. बहुतेक ठिकाणी प्रोसेसिंग नसते, तपासणी नसते, स्टॉक स्टेटमेंट नसतं. ९० टक्के धरले तर १० लाख ८० हजार हातात. कागदावर याच्याएवढं स्वस्त काही नाही.

पण ती ठेव तुमच्या धंद्यासाठी बँकेच्या ताब्यात जाते. लियन (बँकेचा तारणहक्क) लागला की वडिलांना दवाखान्याला अचानक पैसे लागले तरी ती मोडता येत नाही. आमच्या घरी भावाच्या धंद्यासाठी आईची ठेव अशीच अडकली होती. धंदा बुडाला नव्हता, फक्त हंगाम लांबला होता, आणि तेवढ्यात आईचं ऑपरेशन निघालं. पैसे उभे राहिले, पण ते दिवस आम्ही विसरलो नाही. वडील मुलाला नाही म्हणत नाहीत, म्हणून ते मुलानंच ठरवायचं असतं. घेतलाच तर १२ लाखांच्या एका पावतीऐवजी ठेव तीन-चार पावत्यांत करून घ्या आणि त्यातल्या दोनच तारण द्या. बाकीच्यांना हात लावू नका.

आकडेमोड (बुधवार, दुपारी)

माईच्या लेकीशी पूर्ण सहमत. आकड्यातही सांगते. वर्षातून दोनच महिने १० लाख लागणार असते तर मी सीसी घेऊ नका म्हटलं असतं. दोन महिन्यांचं व्याज १७,५०० आणि वरखर्च ३१ हजारांच्या घरात, सरासरी वापर १ लाख ६७ हजार. दर काढला तर २९ टक्क्यांच्या आसपास जातो. अशा वेळी एफडीचा ओडी योग्य. तुमचं तसं नाही. चार महिने २२ लाख एफडीतून भागणारच नाहीत, सीसी लागणारच. मग वडिलांची ठेव कशाला अडकवायची?

पावत्या वेगळ्या करताना एक बघा. जुनी ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळतं, म्हणून ती पिकेल तेव्हाच नव्या पावत्या करा.

लेस्टरकर (बुधवार, रात्री)

मूळचा मिरजेचा, इंग्लंडात नोकरी. इथं ओव्हरड्राफ्ट साध्या पगाराच्या खात्यावर असतो. आधी ठरवून घेतलेला आणि न ठरवता गेलेला, असे दोन प्रकार. पूर्वी रोजची ठरावीक फी, महिन्याची फी असे प्रकार होते, लोकांना काहीच कळायचं नाही. ६ एप्रिल २०२० पासून इथल्या एफसीएनं (बँकांच्या व्यवहारांवर नजर ठेवणारी संस्था) त्या ठरावीक फी बंद केल्या. आता एकच वार्षिक दर सांगावा लागतो आणि न ठरवता वापरलेला ओव्हरड्राफ्ट ठरवलेल्यापेक्षा महाग लावता येत नाही. त्यानंतर बहुतेक मोठ्या बँकांचे दर ४० टक्क्यांच्या आसपास गेले. ३९.९ टक्क्यांनी ५०० पौंड तीस दिवस वापरले तर १४ पौंड पडतात. दर ऐकून घाबरायला होतं, पण किती पडणार हे आधी कळतं. काकांनी जो भागाकार करून दाखवला तो इथं बँकेनंच करून द्यायचा असतो. आपल्याकडं छोट्या व्यापाऱ्याच्या सीसीलाही असं का नसावं, असं मनापासून वाटतं.

अजिंक्यतारा_पायथा (गुरुवार, सकाळी)

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचं जॉबवर्क आहे. लिमिटपेक्षा मोठा प्रश्न आमच्याकडं येणी वेळेत न येण्याचा. प्राप्तिकराचं ४३बी(एच) कलम आल्यापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत तर मोठ्या कंपनीला त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही. त्यानं फरक पडला. शिवाय २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर (बिलावर आधी पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच) नोंदणी सक्तीची झाली, तिथं बिल लावलं की दोन-तीन दिवसांत पैसे मिळतात आणि दर कंपनीच्या पतीवर ठरतो, आपल्या नाही. आमच्या सीसीचा वापर त्यामुळं चांगलाच कमी झाला. हळदीच्या व्यापाऱ्याला ४३बी(एच) मिळत नाही, हे माहीत आहे. पण दुकानदारांची उधारी किती दिवसांची आहे हे दादांनी सांगितलं नाही.

पेवाची_हळद

साताऱ्याच्या भाऊंनी बरोबर जागी बोट ठेवलं. बिलावर ३० दिवस लिहितो. येतात ४० ते ५० दिवसांनी. पुण्याचे वेळेत देतात, बाकीच्यांना दोनदा फोन करावे लागतात.

आकडेमोड (गुरुवार, संध्याकाळी)

मग आता खरा हिशेब हा घ्या. सव्वा कोटी भागिले ३६५, म्हणजे रोजची विक्री ३४ हजारांच्या वर. वसुली दहा दिवस आधी आली तर खात्यावरची बाकी ३ लाख ४२ हजारांनी खाली येते. हंगामाचे आणि त्यापुढचे, असे आठ महिने त्यावर वाचणारं व्याज २४ हजारांच्या जवळ. शेवटच्या चार महिन्यांत बाकीच तीन लाख आहे, तिथले साडेदहा हजार. एकूण ३४ हजारांच्या वर.

वर काकांनी प्रोसेसिंग, तपासणी, विमा, कमिटमेंट आणि जीएसटी सगळं मिळून ३१,४६८ काढलं होतं. दहा दिवसांची उधारी त्या सगळ्यापेक्षा महाग आहे. फी अर्ध्यावरून पाव टक्क्यावर आणा, जरूर आणा, जीएसटीआधीचे ६,२५० वाचतील. पण आधी फोन करायची वही काढा. जे दुकानदार सात दिवसांत देतील त्यांना तुम्हीच अर्धा टक्का सूट द्या. पन्नासाव्या दिवशी मिळणारे पैसे सातव्या दिवशी आले तर ४३ दिवसांचं व्याज सव्वा टक्क्यावर जातं, सूट अर्ध्याचीच.

आलेले पैसे त्याच दिवशी सीसी खात्यात गेले पाहिजेत. दहा लाख शुक्रवारी न भरता सोमवारी भरले तर ८६० रुपयांचं व्याज जातं. सुट्टीचं व्याज बँक सोडत नाही. दुसऱ्या बँकेत चालू खातं असेल आणि पैसे तिथं जमत असतील तर ते बंद करा.

पेवाची_हळद (शुक्रवार, रात्री)

आज शाखेत जाऊन आलो. फेब्रुवारी ते मे २५ लाख आणि बाकीच्या महिन्यांना १२ लाख, असं हंगामी आणि बिगरहंगामी लिमिट वेगळं करून देतो म्हणाले. काकांच्या पद्धतीनं मांडलं तर कमिटमेंट चार्ज ३,०८३ वरून ७५० वर येतो. फरक मोठा नाही. फी पाव टक्क्यावर आणायचं झोनल ऑफिसला विचारून सांगणार आहेत. विम्यात पूर आणि शीतगृहाचा पत्ता घालायला लावला. पीनल चार्जेसचं वाक्य नवीन आहे, व्याजात मिसळलेलं नाही, ते तपासलं. वडिलांची ठेव काढायची नाही, हे भावाशी बोलून ठरलं.

एक शंका राहिली. वर्षभरानं दुसऱ्या बँकेत जायचं ठरलं तर आधी बंद केल्याचा दंड लागतो का? पत्रात दोन टक्के लिहिलंय.

निवृत्त_शाखाधिकारी (शनिवार, सकाळी)

दोन टक्क्यांची ती ओळ त्यांना दाखवून विचारा. २ जुलै २०२५ ला रिझर्व्ह बँकेनं मुदतपूर्व फेडीच्या शुल्काचे नवे नियम काढले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना ते लागतात. बदलत्या दराचं कर्ज धंद्यासाठी घेतलेल्या व्यक्तीला किंवा सूक्ष्म-लघु उद्योगाला व्यापारी बँक असा दंड लावू शकत नाही. छोट्या वित्त बँका, ग्रामीण बँका आणि तिसऱ्या स्तरातल्या नागरी बँकांना ही अट ५० लाखांपर्यंतच्या कर्जाला आहे, तुम्ही त्यात बसता. लहान नागरी बँक असेल तर तिचा स्तर आधी विचारून घ्या. सीसी-ओडीबाबत वेगळी तरतूदही आहे. नूतनीकरण करायचं नाही असं करारात दिलेल्या मुदतीआधी लेखी कळवलं आणि ठरलेल्या तारखेला खातं बंद केलं, तर शुल्क नाही. पत्राची पोच घ्या.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेली आहे ना? नसेल तर बँकेत पुन्हा जायच्या आधी करून घ्या, ऑनलाइन फुकट होते. आणि साडेदहाचा दर कशाला जोडलाय तेही विचारा. रेपोला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) जोडलेला असेल तर २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला, तो एक टक्का तुमच्या दरात उतरलाय का हे मंजुरीच्या तारखेवरून समजेल.

पेवाची_हळद

उद्यम आहे, व्यापार म्हणून केलेली. दराचं सोमवारी विचारतो आणि इथंच लिहितो.